मोठ्या आतड्याचा कॅन्सर आणि लाँग नॉनकोडिंग आरएनए : 'वाढलेला' आणि 'वाढवणारा' यातला फरक कसा तपासायचा?

पारसिक (धागाकर्ता)

खारघर, नेरूळ, वाशी आणि ठाण्यात या विषयावर प्रोजेक्ट करणारी बरीच मंडळी इथे वाचतात, म्हणून हा धागा. रोगाची ओळख करून देणारं लिखाण मराठीत थोडंफार सापडतं. प्रयोगाच्या टेबलावर नेमकं काय करायचं आणि कुठे फसतं, ते मात्र सापडत नाही. ते इथे जमा करू या.

थोडी पार्श्वभूमी. २०० अक्षरांपेक्षा (न्यूक्लिओटाइड) लांब आणि प्रोटीन न बनवणारा आरएनए तो लाँग नॉनकोडिंग, असं वर्षानुवर्षं मानलं गेलं. २०२३ मध्ये या क्षेत्रातल्या तज्ज्ञांनी ही सीमा ५०० करावी असं सुचवलं. या धाग्यात मी नुसतं 'लाँग आरएनए' लिहीन.

मोठ्या आतड्याच्या बहुतेक गाठींत पहिला घाव एपीसी जनुकावर बसतो. एपीसी गेलं की बीटा-कॅटेनिन साठतं, ते केंद्रकात शिरतं आणि मिक हे जनुक चालू करतं. मिक म्हणजे पेशीच्या वाढीचा अ‍ॅक्सिलरेटरच. मिक जिथे आहे तो ८क्यू२४ हा पट्टा प्रोटीन बनवणाऱ्या जनुकांच्या दृष्टीने जवळजवळ ओसाड आहे, पण लाँग आरएनएंची तिथे दाटी आहे : सीसीएटी१, सीसीएटी२, पीव्हीटी१.

यातला सीसीएटी१-एल नीट समजून घेण्यासारखा आहे. लांबी सुमारे ५,२०० अक्षरं, जागा मिकच्या ५१५ हजार अक्षरं अलीकडे, आणि मुक्काम केंद्रकातच. डीएनएचा धागा दुमडून लांबचा एन्हान्सर (जनुकाचं लिखाण वाढवणारा डीएनएचा तुकडा) मिकच्या प्रमोटरशेजारी (लिखाण सुरू होण्याच्या जागेशेजारी) येतो, त्या फासाला सीटीसीएफ हे प्रोटीन धरून ठेवतं. सीसीएटी१-एल या सीटीसीएफला चिकटतो. २०१४ च्या कामात हा आरएनए कमी केल्यावर फास सैल झाले आणि मिकही उतरलं. उलट बाजूने त्या संशोधकांनी जे केलं ते जास्त मोलाचं आहे. पेशीत बाहेरून प्लास्मिड (जनुक वाहून नेणारा डीएनएचा गोल तुकडा) न टाकता जनुकाच्या मूळ जागीच त्याचं उत्पादन वाढवलं, तेव्हा मिक चढलं आणि गाठी मोठ्या झाल्या.

माझा मुद्दा एवढाच आहे की गाठीत एखादा आरएनए पाचपट दिसला म्हणून तो गाठ वाढवतो असं म्हणता येत नाही. मिक चढल्यावर शेकडो आरएनए आपोआप चढतात. कारण आणि परिणाम वेगळे करायचे तर कोणते प्रयोग करावेत, त्यांत काय चुकतं, हे अनुभवी लोकांनी लिहावं.

---

येऊर

धागा उत्तम. ८क्यू२४ निघालंच आहे तर एक गुंता मांडतो.

सीसीएटी२ ज्या तुकड्यावरून लिहिला जातो, त्यातच आरएस६९८३२६७ हा एका अक्षराचा फरक आहे. 'जी' अक्षर असलेल्यांना या कॅन्सरची जोखीम थोडी जास्त असते, हे २००७ पासून माहीत आहे. २०१३ मध्ये सीसीएटी२ सापडला. एमएसआय (डीएनए-दुरुस्ती बिघडल्याने येणारी अस्थिरता) नसलेल्या गाठींत तो भरपूर, 'जी' असेल तर अधिकच, आणि तो वाढवला की मिकही वाढतं. गोष्ट जुळली असं वाटतं. पण २०१२ मध्येच उंदरांतून नेमका हा एन्हान्सर कापून टाकला होता. त्या उंदरांत मिक थोडंसंच उतरलं, तरी आतड्यात गाठी धरण्याला ते चांगलेच दाद देईनासे झाले.

तेव्हा प्रश्न असा की काम कोण करतंय? डीएनएचा तुकडा, तिथे चाललेली लिखाणाची क्रिया, की लिहून झालेला आरएनए? तिन्हींची उत्तरं वेगळ्या हत्यारांनी मिळतात. क्रिस्पर-आय (ठरावीक डीएनएवर बसणाऱ्या निष्क्रिय कॅस९ या प्रोटीनला क्रॅब हा लिखाण दाबणारा भाग जोडलेला) लिखाणच थांबवतं. त्यामुळे आरएनए जातो, पण प्रमोटरही बंद होतो. गॅपमर (आरएनएला चिकटणारा कृत्रिम डीएनएचा छोटा तुकडा) लिहून झालेला आरएनए कापतो, डीएनएला हात लावत नाही. दोन्हींचा परिणाम सारखा आला तरच आरएनएकडे बोट दाखवायचं.

पीव्हीटी१ हे याचं ढळढळीत उदाहरण. एचसीटी११६ मध्ये हा भाग काढल्यावर गाठ धरण्याची ताकद कमी झाली, असं २०१४ मध्ये दिसलं. २०१८ मध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींत पीव्हीटी१चा प्रमोटर क्रिस्पर-आयने बंद केला, तर मिक उलट वाढलं. तो प्रमोटर जवळचे एन्हान्सर स्वतःकडे ओढून धरत होता. तो बंद झाल्यावर ते मिकला मोकळे झाले. नुसत्या क्रिस्पर-आयवर भरवसा ठेवला असता तर निष्कर्ष भलताच निघाला असता.

---

जुई_नेरूळ

सगळ्यांचे आभार, खूप नीट समजलं. टेबलावरचा प्रश्न विचारते. क्यूपीसीआरमध्ये (आरएनएचं प्रमाण मोजायची पद्धत) सीसीएटी२चा सीटी (सिग्नल दिसू लागतो ती सायकल) २९ आला आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएवरून डीएनए बनवणारं एन्झाइम) न घातलेल्या नळीत ३१, तर ते चालतं का? दोन सायकलचा फरक आहे.

---

पिपेटधारी

जुई, अजिबात चालणार नाही. सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात, म्हणून सविस्तर लिहितो.

दोन सायकल म्हणजे चौपट. तुमच्या सिग्नलचा चौथा हिस्सा आरएनएतून आलेलाच नाही, तो जिनोमिक डीएनए आहे. साध्या जनुकात दोन एक्झॉनवर (आरएनएत जोडले जाणारे जनुकाचे तुकडे) बसणारे प्रायमर घेतले की यातून सुटका होते. सीसीएटी२मध्ये स्प्लायसिंगच (मधला भाग कापून एक्झॉन जोडणं) नाही, मॅलॅट१ हा लाँग आरएनएही बहुतांशी एकाच एक्झॉनचा. तिथे प्रायमरला डीएनए आणि सीडीएनए (आरएनएवरून बनवलेला डीएनए) यांत फरक कळत नाही.

यात एक घातक गोष्ट दडलेली आहे. आतड्याच्या गाठींत ८क्यूच्या जादा प्रती असणं नेहमीचं आहे. म्हणजे गाठीच्या नमुन्यात सीसीएटी२चा डीएनए मुळातच जास्त. आरएनएत डीएनए मिसळलेला राहिला, तर सीसीएटी२ 'गाठीत वाढलेला' दिसणारच. तुलनेच्या जीएपीडीएच जनुकाचे प्रायमर एक्झॉन-जोडावरचे असतील तर तुलनेतही ही चूक पकडली जात नाही. अक्खा प्रबंध या एका नळीवर कोसळू शकतो.

उपाय असे. १ मिली ट्रायझॉलला (आरएनए काढायचं द्रावण) २०० मायक्रोलिटर क्लोरोफॉर्म, १५ सेकंद जोरात हलवून २-३ मिनिटं ठेवा, मग ४ अंशांवर १२,००० जी ला १५ मिनिटं. वरचा पाण्यासारखा थर साधारण ५०० ते ६०० मायक्रोलिटर मिळतो. त्यातला ४०० च घ्या. मधल्या पांढऱ्या सायीला टोक लागलं की डीएनए आलाच. शेवटच्या थेंबापर्यंत ओढायचा मोह आवरा.

मग डीएनेझ (डीएनए कापणारं एन्झाइम) : १ मायक्रोग्रॅम आरएनएला १ युनिट, १० मायक्रोलिटरची रिअ‍ॅक्शन, ३७ अंशांवर ३० मिनिटं. थांबवताना आधी ५० मिलिमोलर ईडीटीए १ मायक्रोलिटर घाला, त्यानंतरच ६५ अंशांवर १० मिनिटं तापवा. ईडीटीए न घालता तापवलं तर मॅग्नेशियममुळे आरएनएचेच तुकडे पडतात. हा क्रम चुकवून 'आरएनए खराब निघाला' म्हणत कॉलमला दोष देणारे पुष्कळ.

प्रत्येक नमुन्याची मायनस-आरटी (रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज न घातलेली) नळी लावायची, बॅचला एक लावून भागत नाही. फरक किमान ७ सायकल हवा, म्हणजे डीएनएचा वाटा एक टक्क्याच्या आत येतो. कमी आला तर डीएनेझ पुन्हा.

बाकी भराभर सांगतो. सीडीएनए रँडम हेक्झामरने करा, कारण ऑलिगो-डीटी फक्त पॉली-ए शेपटीवालेच पकडतं. प्रायमरची कार्यक्षमता पाच पातळ द्रावणांवर तपासा, उतार उणे ३.१ ते उणे ३.६ मध्ये हवा. तुलनेला एकटा जीएपीडीएच नको, गाठ साखर जास्त जाळते तेव्हा तो स्वतःच चढतो. बी२एमही टाळा, एमएसआय गाठींत त्यातच म्युटेशन्स सापडतात. तीन स्थिर जनुकं निवडून त्यांचा भूमितीय मध्य घ्या. आणि नीट१ (एनईएटी१ हा लाँग आरएनए) मोजत असाल तर ट्रायझॉलमध्येच ५५ अंशांवर १० मिनिटं तापवा किंवा बारीक सुईतून दहा-वीस वेळा ओढा. त्याचा लांब प्रकार प्रोटीनच्या जाळ्यात इतका घट्ट असतो की नेहमीच्या पद्धतीने बराचसा मागेच राहतो.

---

मासुंदा

पिपेटधारींनी नळीपासून सुरुवात केली, मी त्याच्या आधीचं लिहितो. नमुना ऑपरेशन थिएटरमधून कसा येतो, यावर पुढचं सगळं ठरतं. (नीती समितीची मंजुरी आणि रुग्णाची लेखी संमती हातात असल्याशिवाय पुढचं वाचूही नका.)

आतड्याचा तुकडा शरीरातून बाहेर आल्यावर ३० मिनिटांच्या आत द्रव नायट्रोजनमध्ये किंवा आरएनए-लेटरमध्ये गेला पाहिजे. गाठीचा भाग पॅथॉलॉजिस्टनेच कापून द्यावा. मधला मेलेला भाग नको आणि निदानाला लागणारी कडही नको. आरएनए-लेटर आकारमानाच्या पाचपट, आणि तुकड्याची एक बाजू अर्ध्या सेंटिमीटरहून कमी. जाड तुकडा तसाच बुडवला तर द्रावण आतपर्यंत पोचत नाही, बाहेरून छान आणि आतून कुजलेला.

ठाण्यातल्या रुग्णालयातून खारघरला न्यायचं असेल तर लोकलचा विचार करू नका. द्रव नायट्रोजन गर्दीच्या डब्यात नेणं धोक्याचं आहे. जाड थर्माकोलच्या खोक्यात ड्राय आइस भरा, झाकण चिकटपट्टीने हवाबंद करू नका, गाडीची काच थोडी खाली ठेवा, कारण कार्बन डायऑक्साइड साठतो. ठाणे-बेलापूर रस्त्यावर कोंडी झाली तरी ५ किलो बर्फ आरामात पुरतो.

आपल्याकडच्या पावसाळ्याचं विसरू नका. उणे ८० वरची नळी बाहेर काढून उघडली की दमट हवेतलं पाणी क्षणात तुकड्यावर दवासारखं बसतं, कडा वितळतात आणि आरएनेझ (आरएनए कापणारं एन्झाइम) जागं होतं. वजन करायचंच असेल तर ड्राय आइसवर थंड केलेल्या डिशमध्ये करा, आणि गोठलेला तुकडा थेट ट्रायझॉलमध्ये टाकून लगेच होमोजिनाइझ करा. ५० ते १०० मिलिग्रॅमला १ मिली. त्याहून जास्त मांस घातलं की थर नीट सुटत नाहीत.

आता 'नॉर्मल' नमुन्याबद्दल. गाठीपासून किमान ५ सेंटिमीटर, जमल्यास १० सेंटिमीटर लांबून घ्या, आणि नुसता अस्तराचा थर सोलून घ्या. पूर्ण जाडीचा तुकडा घेतला तर त्यात स्नायू भरपूर, आणि तुलना मग गाठ विरुद्ध स्नायू अशी होते. गाठीतही सगळ्या पेशी कॅन्सरच्या नसतात. एच१९ या लाँग आरएनएचंच बघा. आतड्याच्या कॅन्सरमधल्या फायब्रोब्लास्टमधून तो एक्झोसोममार्फत (पेशी बाहेर सोडते त्या सूक्ष्म पिशव्या) कॅन्सरच्या पेशींना पोचतो, असं काम प्रसिद्ध आहे. गाठ वाटून काढलेल्या आरएनएत दिसलेला एच१९ कोणाचा, हे नळी सांगत नाही. काचपट्टीवर आरएनए इन-सिटू करून डोळ्यांनी पाहावं लागतं.

---

येऊर

मासुंदा, शेवटच्या परिच्छेदाशी पूर्ण सहमत. नॉर्मल अस्तर सोलण्याबद्दल शोधनिबंधांच्या पद्धती-विभागात बहुतेकदा एक ओळही नसते.

---

खाडीपूल

वाढीच्या प्रयोगांबद्दल लिहिते.

पेशी निवडताना त्यांची जनुकीय कुंडली समोर ठेवा. एचसीटी११६ : एमएसआय, केरास बदललेला, पी५३ शाबूत, एपीसी ठीक पण बीटा-कॅटेनिनच बिघडलेलं. एचटी-२९ : एपीसी गेलेलं, बीराफ व्ही६००ई. एसडब्ल्यू४८० : एपीसी गेलेलं, केरास जी१२व्ही. सीसीएटी२सारख्या विषयाला एकट्या एचसीटी११६वर उत्तर मागणं चूक, कारण तो एमएसआय नसलेल्या गाठींचा विषय आहे. एसडब्ल्यू४८० आणि एसडब्ल्यू६२० एकाच रुग्णाच्या, त्यामुळे त्या 'दोन स्वतंत्र लाइन' म्हणून मोजता येत नाहीत. पुण्याच्या एनसीसीएस या पेशी पुरवणाऱ्या संस्थेतून पेशी आल्या तरी मायकोप्लाझ्माची तपासणी दर महिन्याला करा.

आरएनए पेशीत कुठे आहे ते आधी बघा. केंद्रक आणि बाहेरचा भाग वेगळे करून दोन्हींत मोजा, केंद्रकाची खूण यू६, बाहेरची जीएपीडीएच. बाहेर असेल तर एसआयआरएनए (ठरावीक आरएनए नष्ट करणारा छोटा दुपदरी आरएनए) १० ते २५ नॅनोमोलर चांगला चालतो. केंद्रकातला असेल तर गॅपमर घ्या, १६ अक्षरांच्या आसपास, १० ते ५० नॅनोमोलर. त्याला चिकटलेला आरएनए केंद्रकातलं आरएनेझ एच कापतं. दोन वेगवेगळे गॅपमर तरी हवेतच. काही गॅपमर लक्ष्य कोणतंही असो, पेशी मारतात, कारण दुसऱ्याच कुठल्या तरी कच्च्या आरएनएच्या इंट्रॉनवर ते बसतात. हे पकडायचा सोपा मार्ग : तो लाँग आरएनए जिच्यात मुळीच नाही अशा पेशीवर तोच गॅपमर टाका. तीही मेली तर तुमचा निकाल विषारीपणाचा आहे.

कॉलनीच्या प्रयोगात सर्रास होणारी चूक. एचसीटी११६चे ५०० पेशी सहा खणांच्या प्लेटमध्ये टाकून १० दिवस ठेवतात, आधी एकदाच एसआयआरएनए दिलेला. ही पेशी साधारण २० तासांत दुप्पट होते. १० दिवस म्हणजे २४० तास, म्हणजे १२ वेळा दुप्पट. आत गेलेला एसआयआरएनए चार हजार पटीने पातळ झाला. चौथ्या-पाचव्या दिवसानंतर तुम्ही साध्या पेशीच वाढवत आहात. तरी कॉलन्या कमी दिसल्या तर बहुधा ट्रान्सफेक्शनच्या रसायनाने सुरुवातीलाच मेलेल्या पेशींचा तो परिणाम. इथे डॉक्सीसायक्लिनने चालू होणारी क्रिस्पर-आयची कायमची लाइन बनवा, किंवा रसायनाशिवाय गॅपमर १ ते ५ मायक्रोमोलर मिडियममध्येच ठेवून दर तीन दिवसांनी ताजा द्या.

एमटीटीवर एकट्यावर विसंबू नका. तो पेशींचं चयापचयाचं काम मोजतो, पेशींची संख्या मोजत नाही. २४, ४८, ७२, ९६ तासांना ट्रायपॅन ब्लू लावून प्रत्यक्ष मोजणी करा. ९६ खणांच्या प्लेटचे कडेचे खण पीबीएसने भरून ठेवा, तिथलं मिडियम आटतं आणि आकडे बिघडतात.

आणि पेशींची दाटी सारखी ठेवा. जीएएस५ हा वाढीला लगाम घालणारा लाँग आरएनए पेशी दाट झाल्या की आपोआप चढतो. कंट्रोलची प्लेट भरलेली आणि प्रयोगाची अर्धी रिकामी असेल, तर जीएएस५मधला फरक तुमच्या औषधाचा नाही, गर्दीचा आहे.

---

पारसिक

खाडीपूल, १२ दुप्पटींचा हिशेब इतका नेमका मांडलात, आभार. त्याच धर्तीचा एक हिशेब 'स्पंज'बद्दल.

लाँग आरएनए मायक्रोआरएनएला (जनुकांना दाबणारा छोटा आरएनए) शोषून घेतो आणि त्यामुळे अमुक जनुक वाढतं, ही मांडणी या विषयात सगळ्यात जास्त वापरली जाते. ती करण्याआधी प्रती मोजा. नळीत बनवलेला तोच आरएनए १०० पासून १० कोटी प्रतींपर्यंत पातळ करून आलेख काढा, पेशी मोजून घ्या, दर पेशीमागे किती प्रती ते काढा. समजा २५ प्रती आणि प्रत्येकीवर मायक्रोआरएनए बसायच्या २ जागा, म्हणजे एकूण ५० जागा. त्याच मायक्रोआरएनएच्या इतर आरएनएंवरच्या जागा हजारोंनी असतात. यकृताच्या पेशींत मायक्रोआरएनए-१२२वर २०१४ मध्ये हे मोजलं गेलं, तेव्हा फरक दिसायला दर पेशी लाखाच्या वर जादा जागा लागल्या. ५० जागांनी काय शोषलं जाणार? ल्युसिफरेजचा (चमकणाऱ्या प्रोटीनवरून मोजायचा) प्रयोग दोघं चिकटू शकतात एवढंच सांगतो, आणि तोही प्लास्मिडने प्रती भरमसाट वाढवून. केंद्रकातच राहणाऱ्या आरएनएला स्पंज म्हणताना तर दहा वेळा विचार करावा.

जुन्या निबंधातला प्रायमर किंवा एसआयआरएनएचा क्रम वापरण्याआधी तो स्वतः ब्लास्ट (क्रम कुठे जुळतो ते शोधणारं साधन) करून बघा. छापलेला क्रम भलत्याच जनुकावर बसतो अशी प्रकरणं या क्षेत्रात बरीच उघड झाली आहेत, ती शोधायला सीक अँड ब्लास्टएन नावाचं साधनच बनवावं लागलं.

---

वागळे_सर्कल

माहिती अफाट आहे. एक सामान्य माणसाचा प्रश्न : ठाण्यातल्या एखाद्या लॅबमध्ये रक्तातून सीसीएटी१ तपासून कॅन्सर लवकर कळू शकेल का?

---

उपवन

वागळे, प्रश्न रास्त आहे. सीसीएटी१ पॉलिपच्या टप्प्यावरच चढलेला आढळतो, म्हणून आशा वाटणं साहजिक आहे. पण आतड्याच्या कॅन्सरच्या निदानासाठी रक्तातली लाँग आरएनएची चाचणी आज उपचारांच्या मार्गदर्शक तत्त्वांत नाही. कोणी पॅकेज विकत असेल तर त्यावर पैसे घालवू नका. (प्रोस्टेटसाठी लघवीतल्या पीसीए३ या लाँग आरएनएच्या चाचणीला अमेरिकेत २०१२ मध्ये मान्यता मिळाली, म्हणजे कल्पना अशक्य नाही.)

आज उपयोगाचं काय ते सांगतो. शौचातलं न दिसणारं रक्त शोधणारी फिट चाचणी, तिला आधी पथ्य लागत नाही. ती पॉझिटिव्ह आली तर कोलोनोस्कोपी, फिट पुन्हा करून 'निगेटिव्ह आली' म्हणत थांबायचं नाही. शौचावाटे रक्त, काही आठवडे टिकलेला सवयीतला बदल, कारण न कळता उतरलेलं हिमोग्लोबिन, यांत मूळव्याध गृहीत न धरता पोटाच्या तज्ज्ञांना दाखवा. निदान झालं असेल तर एमएमआर (डीएनए दुरुस्त करणारी प्रोटीनं) किंवा एमएसआयची तपासणी, आणि रोग पसरलेला असेल तर त्यासोबत रास आणि बीराफ या जनुकांची. उपचार त्यावर ठरतात.

---

जुई_नेरूळ

मायनस-आरटीचा मुद्दा लख्ख कळला, सगळे नमुने पुन्हा डीएनेझ करणार. शेवटचं विचारते : गॅपमरने सीसीएटी१-एल कमी केला आणि वाढ मंदावली, तर प्लास्मिडवरून तो परत देऊन वाढ पूर्ववत झाली नाही तर प्रयोग फसला असं धरायचं का?

---

येऊर

नाही, जुई. सीसीएटी१-एल जिथे लिहिला जातो त्याच जागी काम करतो. प्लास्मिडवरून आलेला आरएनए केंद्रकात दुसरीकडेच तरंगत राहतो, तो मिकच्या फासापाशी पोचेलच असं नाही. अशा आरएनएसाठी परत देण्याचा प्रयोग मूळ जागीच व्हायला हवा. निष्क्रिय कॅस९ला व्हीपी६४सारखा चालू करणारा भाग जोडून त्याच्याच प्रमोटरवर बसवा, मग मिक मोजा, आणि त्याच पेशीत गॅपमर देऊन चढलेलं मिक परत उतरतं का ते बघा. हॉटएअरसारखा दूरच्या जनुकांवर काम करणारा असेल तर प्लास्मिड चालतं. मात्र गॅपमर बसतो ती जागा प्लास्मिडवर बदललेली हवी, नाहीतर आपणच दिलेला आरएनए आपलाच गॅपमर कापत बसेल.

---

पिपेटधारी

येऊरना जोड : त्या प्लास्मिडवर छोटी प्रोटीन-चौकट उरली नाही ना, तेही तपासा. एचओएक्सबी-एएस३ 'नॉनकोडिंग' म्हणूनच नोंदलेला होता. २०१७ मध्ये त्यातून ५३ अमिनो आम्लांचं पेप्टाइड बनतं आणि आतड्याच्या कॅन्सरची वाढ तेच पेप्टाइड रोखतं, असं दिसलं. सुरुवातीचा एटीजी बदललेलं एक प्लास्मिड सोबत ठेवा. दोन्हींचा परिणाम सारखा आला तर काम आरएनएचं. जुई, त्याच प्लेटमध्ये रिकाम्या प्लास्मिडचे तीन खण विसरू नका.